मापाचं पुस्तक

३ जुलै
आजपासून नातीच्या शाळेतल्या लायब्ररीत. लायब्ररीच्या बाईंनी विचारलं, मुलांना त्यांच्या आवडीची पुस्तकं निवडून द्यायची आहेत, जमेल ना? हसूच आलं. जन्मभर शिवणकाम केलं. गिऱ्हाईक दारात दिसलं की टेप न लावता माप सांगायचो. मग मुलाचा चेहरा बघून पुस्तक काढणं म्हणजे हातचा मळ! माझी शाळा लहानपणीच सुटली, पण वाचनात कुणाला हार जाणारा नाही मी.
घरी सांगितलं. ही म्हणाली, गावाचे कपडे शिवलेत, माझी बाही अजून आखूडच आहे. दुर्लक्ष केलं.

४ जुलै
बाईंची पद्धत अजब. मुलाला विचारायचं, तुला काय आवडतं? मग दोन-तीन पुस्तकं पुढ्यात ठेवून गप्प बसायचं. आजाऱ्याला कुणी औषध निवडायला सांगतं का?
चष्मेवाल्याला विज्ञान दिलं, दंगेखोराला थोरांची चरित्रं. दोघांनी बाहेर जाऊन अदलाबदल केली. पोच नाही पोरांना.

८ जुलै
तिसरीतली एक मुलगी. दोन वेण्या. खिडकीशी उभी राहून टक लावून बाहेर बघत होती. बाहेर रस्त्याचं खोदकाम चाललंय, नुसती धूळ. त्या धुळीतही हिला काहीतरी दिसतंय! कवितेचा पिंड, दुसरं काय? कवितांचं पुस्तक हातात ठेवलं. काही न बोलता घेऊन गेली. भारावली असणार.

९ जुलै
दुसऱ्याच दिवशी पुस्तक परत! एका रात्रीत फडशा! नातीला म्हटलं, शीक जरा. मुलीला आता याहून जाड दिलं.

१५ जुलै
रोज परत आणते, रोज जास्त जाड नेते. पानाला सुरकुती म्हणून नाही. किती जपून वाचते पोर! बाई म्हणाल्या, आजोबा, वाचते ना नक्की? विचारून तरी बघा. स्वभाव शंकेखोर, चालायचंच.

१८ जुलै
हेडमास्तरांना परस्पर सांगून टाकलं, सोमवारी सकाळी सगळी शाळा जमेल तेव्हा ही मुलगी तिच्या आवडत्या कवितांवर बोलेल. मुलीला कळवलं तर मान खाली. विनय!

२१ जुलै
सगळी शाळा रांगेत. मुलीची आई कामावर सुट्टी टाकून आलेली. मुलगी पुढे उभी, तोंडातून शब्द नाही. हेडमास्तर म्हणाले, एखादी ओळ तरी सांग. पोरं फिदीफिदी हसायला लागली. शेवटी रडत म्हणाली, मी एकही वाचलं नाही. हेडमास्तरांनी विचारलं, मग नेत कशाला होतीस? तर म्हणे, आजोबा इतक्या प्रेमानं देतात, नको कसं म्हणू?
आईनं तिला कुशीत घेतलं. माझ्यावर चिडली नाही. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

२२ जुलै
मुलगी लायब्ररीत आली नाही. तसं बघितलं तर थोडी चूक तिचीही... नाही. चूक माझीच.
नात तिच्याच वर्गातली. म्हणाली, ती खिडकीतून खोदायचं मशीन बघते, अख्ख्या वर्गाला माहीत आहे. मला का नाही सांगितलंस? तर म्हणाली, तुम्ही विचारलंत कुठे?

२५ जुलै
तिच्या वर्गात जाऊन सगळ्यांदेखत कान पकडले. पोरं खिदळली. तीही जराशी. येईन म्हणाली.
संकल्प: एकदा विचारायचं, मग तोंडाला कुलूप.

२८ जुलै
आली! विचारलं, बाळ, तुला काय आवडतं? म्हणाली, मोठी मोठी मशीनं. कपाटाकडे बोट दाखवलं आणि गप्प बसलो. तिनं स्वतः शोधलं. क्रेन, रोलर, सगळं होतं त्यात. जमिनीवर फतकल मारून वाचायला लागली. तिला पान उलटताना मी आज पहिल्यांदा पाहिलं. ऊर भरून आला. आणि त्या भरात बोलून गेलो, अगं, हे तर पहिलीतल्या पोरांचं, तुझ्यासारख्या हुशार मुलीनं...
तिनं पुस्तक मिटलं. होतं तिथे ठेवलं. माझ्यासमोर येऊन दोन्ही हात पुढे केले. मी देईन ते घ्यायला.
बाई उठल्या. तेच पुस्तक काढून तिच्या हातात दिलं. मला म्हणाल्या, आजोबा, जरा बाहेर जाऊन पाणी पिऊन या.
तहान नव्हती. तरी तिचं वाचून होईपर्यंत नळाशीच उभा होतो.