बाक काढलेली फळी

पुणे, १२ जानेवारी २०२५

ती. स्व. वैजिनाथ मामांस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नाही, म्हणून पत्र. एसटीच्या पार्सलने स्केटबोर्डच्या दोन फळ्या पाठवते आहे. चाकं काढून घेतली आहेत. एक स्वस्तातली, दुसरी तिच्या चौपट किमतीची. वरचं चित्र सारखं, जाडीही सारखी. शिकवणारे प्रविण सर म्हणतात की महागडी मेपल लाकडाची, सात थरांची आहे, तीच घे. पण दुकानदार त्यांचा मित्र निघाला, तेव्हापासून मला शंका येते.

मार्चमध्ये राज्य संघाची निवड आहे. माझी आधीची फळी उडी मारताना मधोमध मोडली. मला काही लागलं नाही. पण पायऱ्यांवरून उडी घेताना पुन्हा तसं झालं तर निवड राहील बाजूला. तुम्ही चाळीस वर्षं सुतारकी केलीत. कोणती फळी दगा देणार नाही ते कळवा. आईला यातलं काही सांगू नका. तिला वाटतं, मी हे सोडून दिलंय.

मामींना नमस्कार. भाचीवर माया आहेच, ती तशीच राहू द्या.

तुमची,
ईश्वरी

धारूर, २४ जानेवारी २०२५

चि. ईश्वरीस मामाचे अनेक आशीर्वाद.

पार्सल पोचलं. आधी एक सांग, तुझं अक्षर असं डावीकडे कावून कलंडलंय, कारण काय?

फळ्या पाहिल्या. पोरी, तुला दोन्हीकडे फसवलंय. दोन्ही फळ्यांच्या दोन्ही टोकांना बाक आलाय. ओल्या लाकडाचा माल हाय हा. असली फळी मी कुणाच्या दाराला लावली असती तर बाजारात तोंड दाखवायची सोय राहिली नसती. मग आपल्या रीतीने इलाज केला. ओल्या गोणपाटात गुंडाळून वर जात्याची जड दगडी तळी ठेवली. स्वस्तातली चौथ्या दिवशी शहाण्यासारखी सरळ झाली. महागडी लई हट्टी. दोनदा ठेवली, तळी उचलली की टोकं पुन्हा वर. जे लाकूड सुताराचं ऐकत न्हाई त्याच्यावर माझा भरवसा न्हाई. तुझ्या त्या सरावरही न्हाई.

सरळ झालेलीला रंधा मारून ठेवलाय, तीच वापर. दुसरी दुकानदाराच्या तोंडावर परत कर. तुझ्या आईला, शांताला, मी काही बोललो नाही.

दोन वेळा नीट जेव. आशीर्वाद आहेतच, वेगळे मागू नको.

तुझा,
मामा

पुणे, २ फेब्रुवारी २०२५

ती. स्व. मामांस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसले, मग डोक्याला हात लावला. मामा, तो बाक दोष नाही, मुद्दाम दिलेला असतो. पातळ थर सरस लावून एकावर एक ठेवतात आणि साच्यात दाबून टोकं वर उचलतात. मागच्या टोकावर पाय आपटला की फळी उडते. सरळ फळीवर उडीच मारता येत नाही.

पण तुम्ही केलंत ते कोणत्याही दुकानदाराने करून दाखवलं नसतं. चार दिवसांच्या ओलीने जिने बाक सोडला तिचं लाकूड हलकं आणि सरस कच्चा. तीच माझ्या पायाखाली मोडली असती. तुमची हट्टी फळीच खरी. सरांवर मी उगाच संशय घेतला, त्याची लाज वाटते. त्या फळीला कृपा करून रंधा लावू नका.

आता अक्षराचं. डाव्या हाताने लिहिते आहे. फळी मोडली तेव्हा उजवं मनगटही मोडलं. प्लास्टर चौदा तारखेला निघेल. आईला कळलं तर ती मला घरी नेईल आणि पुन्हा पाठवणार नाही, याची फार भीती वाटते. परवा तिने फोनवर विचारलं की तू जेवतेस कोणत्या हाताने. मामा, खरं सांगा, तुम्ही बोललात का?

रागावला नसाल तर लवकर लिहा.

तुमची,
ईश्वरी

धारूर, ८ फेब्रुवारी २०२५

चि. ईश्वरीस आईचे आशीर्वाद.

दादावर संशय घेऊ नकोस. तो बोलला नाही हे खरंच. स्टँडवर पार्सलवाला नाव पुकारतो ते त्याला ऐकू येत नाही, म्हणून त्याची पार्सलं गेली पाच वर्षं मीच आणते. गोणपाट उसवलं तर पत्र वरच होतं. तुला पाटीवर अक्षरं मी गिरवायला लावली, डाव्या हाताचं मला ओळखू येणार नाही? दादाला मी एवढंच विचारलं होतं की हे असं कावून कलंडलंय. त्याने तोच प्रश्न तुला केला. तू मला लिहिशील म्हणून वाट पाहिली. लिहिलंस ते मामाला, याचा राग आहे. तुझं दुसरं पत्र त्याने स्वतः माझ्या हातात दिलं आणि उत्तर तूच दे म्हणाला. यापुढे लपवायचंच असेल तर उजव्या हाताने लपवत जा.

दोन्ही फळ्या अंगणात दोन-दोन विटांवर ठेवल्या आणि खांब धरून एकेकीवर उभी राहिले. दादाची शहाणी फळी कुरकुरली आणि मधोमध चिरली. दुसरी जराशी वाकली, मी उतरताच जागेवर आली. माझा विश्वास बसेना, म्हणून पुन्हा चढले. तीनदा चढले. तिसऱ्यांदा खांब सोडला होता.

चौदा तारखेला प्लास्टर काढायच्या वेळी मी येते आहे. तुला घरी न्यायला येते असं समजू नकोस. मनगटाचं डॉक्टरांना मी स्वतः विचारेन. ते हो म्हणाले तर त्या पायऱ्या मला दाखव. तुझी फळी मीच घेऊन येते. पार्सलने पाठवत नाही, वाटेत कोण काय उघडून वाचेल सांगता येत नाही.

काळजी करते आहेच, तू करू नकोस.

तुझी,
आई