कोणाला बोलवायचं

५ जून

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

मी इस्पितळातून बाहेर पडतेय. घाबरू नकोस, पळून नव्हे. राजरोस, पुढच्या दाराने. परवा मीटिंगमध्ये डॉक्टरांनी मलाच विचारलं, तुम्हाला कुठे राहायचंय? इतकी वर्षं हा प्रश्न माझ्यादेखत तुला विचारत होते. मी म्हटलं, अशा खोलीत, जिची कडी मला आतून लावता येईल. कोणी हसलं नाही, हे विशेष.

इस्पितळाच्या पुनर्वसन केंद्रातल्या ताईंच्या ओळखीने लाँड्रीत इस्त्रीचं काम मिळालंय आणि त्याच गल्लीत, शिंपीणबाईंच्या माडीवर खोली. आवाज अजून येतात, पण हल्ली मी त्यांना शेजारच्या रेडिओइतकीच किंमत देते.

पुन्हा बिघडलंच तर कोणाला बोलवायचं, माझ्या वतीने कोणी बोलायचं, हेही आता मीच ठरवायचं. मी तुझं नाव सांगितलंय. मात्र माझं म्हणणं बोलायचं, तुझं नव्हे. जमेल ना? वहिनीला नमस्कार. माया असू दे.

तुझी,
छोटी

१४ जून

चि. छोटीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून वहिनीच्या डोळ्यांना धार लागली. मी तर उघडलेलं घड्याळ तसंच टाकून दुकान बंद केलं. तू आणि इस्त्री! माझा शाळेचा सदरा जाळून वर मलाच बोल लावला होतास. खरं तर इकडेच ये म्हणणार होतो, पण मुलीचं लग्न ठरतंय, घरात पाहुण्यांचा राबता. तू समजून घेशील.

माझं नाव दिलंस, तेव्हा जबाबदारी आली. रविवारी जाऊन शिंपीणबाईंना भेटलो. तुला उगाच काळजी नको म्हणून कळवलं नाही. त्यांना सगळं मोकळेपणाने सांगितलं. तुझं दुखणं, ते आवाज, मागे काच फोडलीस ते. गोळ्या समोर बसून घ्यायला लावा, कात्र्या कुलपात ठेवा म्हटलं. आतली कडी तेवढी काढून टाका, असंही सुचवलं. बाई भल्या आहेत, सगळं निमूट ऐकलं, चहा दिला. आता मी निर्धास्त आहे. तब्येतीला जप.

तुझा,
दादा

२ जुलै

ती. दादास,
नमस्कार लिहायचा म्हणून लिहिते.

शिंपीणबाईंनी खोली दिली नाही. नातलग राहायला येणार असल्याची सबब सांगितली. मला पाहताच हातातली कात्री त्यांनी पाठीमागे धरली. गल्लीत बातमी फिरली, त्यामुळे लाँड्रीत मला इस्त्रीला हात लावू देत नाहीत. मी नुसत्या घड्या घालते आणि संध्याकाळी इस्पितळात परत येते. जायची मोकळीक आहे, जागा नाही.

तू वाईट मनाने केलं नाहीस, असं ताई समजावतात. तेच सोसत नाही. वाईट मनाने केलं असतंस तर कडाकडा भांडले तरी असते. काच मी फोडली, खरंय. ती तू बाहेरून कुलूप लावलेल्या खोलीची होती, हे सांगायचं तेवढं राहिलं वाटतं.

दुसरी खोली मिळाली की जाईन. पत्ता कळवणार नाही. पत्रं केंद्रावर पाठव.

तुझं नाव मी काढून टाकलंय. मग आता कोणाला बोलवायचं, असं ताईंनी विचारलं. मी बराच वेळ आठवत बसले. माझं असं दुसरं कोणीच नाही, दादा. तरीही तुझं नाव परत सांगितलं नाही.

छोटी