पाचव्या कागदावरची वाळू

मोप्ती, ४ जानेवारी १९८९

चि. कुम्बास, थोरल्या भावाचे आशीर्वाद.

दोन होड्या, खोली मोजायची काठी (हाताहातावर डाग देऊन खुणा केलेली), एक कातडी पिशवी आणि तिच्यात सात कागदांवर आपल्या नायजर नदीचा नकाशा, इथपासून थेट देबो सरोवरापार. हे सगळं माझ्या हातचं. शाळेची पायरी न चढता. पूर ओसरला की वाळू जागा बदलते, म्हणून अकरा वर्षं दरसाल खोडून पुन्हा काढतोय.

गेल्या आठवड्यात नदीखात्यातला अनाय गिंदो आला होता. तो डोंगरातला दोगोन, आपण नदीवरचे बोझो. पिढ्यानपिढ्यांचं थट्टेचं नातं. मासेखाऊंना रेघ मारता येते म्हणे, ते बघायला आलो, म्हणाला. मी म्हटलं, कांदेखाऊंनी आधी नदीत पाय तरी भिजवावेत. नकाशा मागत होता. हसण्यावारी नेऊन वाटेला लावला.

तुझ्या नवऱ्यानं, सेमूनं, पाचवा कागद उतरवून मागितलाय. त्याला सांग, मी काठीनं शिकलो, त्यानंही शिकावं.

पाणी उतरलं तरी लोभ उतरू देऊ नकोस.

लासिने

आका, १९ फेब्रुवारी

ति. लासिनेदादास, कुम्बाचा सलाम.

तुझा निरोप ह्यांना सांगितला होता. हसले. म्हणाले, तुझा भाऊ एक दिवस नदीवरसुद्धा सही करील.

गुरुवारी मोप्तीहून बाजरीची पोती आणताना सरोवराच्या तोंडाशी ह्यांची नाव वाळूवर चढली. वाऱ्यानं आडवी झाली. बाकीचे पोहून आले. हे पोत्यांखाली सापडले.

एवढंच कळव. ती वाळू तुझ्या कागदावर होती का?

मामावर माया ठेवा, असं मुलांना मीच सांगते अजून.

कुम्बा

मोप्ती, २७ फेब्रुवारी

चि. कुम्बा, आशीर्वाद कुठल्या तोंडानं लिहू?

होती. पाचव्याच कागदावर, डावा काठ, दोन जुन्या चिंचांसमोर, चाळीस काठ्या लांब. फेब्रुवारीत वर दीड हात पाणी उरेल, असंही शेजारी लिहिलंय. बोटभर चूक नाही. आजवर याचाच ताठा होता.

काल सातही कागद अनायला देऊन आलो. मयतीतसुद्धा बोझोची थट्टा करायचा दोगोनला हक्क आहे. त्यानं तो बजावला नाही.

लोभ मागायचं तोंड मला राहिलेलं नाही. तू ठेवशील तेवढा.

लासिने

ता. क. दोगोननं मागितलं तर बोझोनं नाही म्हणू नये, ही रीत. मी थट्टेच्या आड लपून नाही म्हणालो, कारण छापील नकाशाच्या कोपऱ्यात नाव खात्याचं येणार होतं, माझं नाही. खातं काय देणार होतं, ते तुला सांगितलं नव्हतं: देबोवरच्या प्रत्येक नावाड्याला एक प्रत, जानेवारी सरायच्या आत, फुकट. आणि मला दोन लाख फ्रँक.