आई तुझ्या खानावळीत जेवली

मेहकर, बुधवार

प्रिय छायाताई,

रविवारी तू स्वयंपाकघराच्या पडद्याआडून बाहेर आली नाहीस. मला राग नाही. मीही तेवढाच घाबरलो होतो. पण बाहेर काय झालं ते तुला कळायला हवं. फोनवर दोनदा सांगायला घेतलं, पण इकडचं तिकडचं बोलून ठेवून दिला.

आईला मी एवढंच म्हणालो होतो, की सिंदखेड राजाला लखुजीराजांची समाधी पाहून येऊ. जेवायला तिथल्या तुझ्या खानावळीत बसवणार, हे सांगितलं नव्हतं. अकरा वर्षांपूर्वी तू अश्वजित भाऊजींशी लग्न केलंस, तेव्हा "त्यायच्या घरचं पानीबी पिनार नाही," अशी शपथ घेतली होती तिनं. बाबा गेले तेव्हाही तिनं तुला कळवू दिलं नाही, आणि मीही गप्प बसलो. ते मला अजून झोपू देत नाही.

समाधीच्या पायऱ्यांवर तिला धाप लागली. मी परतू या म्हणालो, ती ऐकेना. आत चौकीदारानं सांगितलं की राजे, त्यांचे दोन मुलगे आणि नातू, असे चौघं एकाच दिवशी मारले गेले. आईनं विचारलं, "मंग मांगं राह्यलेल्या बायकायचं काय झालं?" तो दुसऱ्या लोकांकडे वळला. ती कितीतरी वेळ काळ्या दगडावर हात ठेवून उभी होती.

तुझ्याकडे भाऊजींनीच ताटं लावली. ज्वारीची भाकर, पातोडीची भाजी, ठेचा. आईनं त्यांना एकदाच पाहिलेलं, आता तर दाढी. ओळखणार नाही असं मी धरून चाललो होतो. पाणी ओतून ते तिथंच उभे राहिले. आई त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. वाटलं, आता ही उठते. तर तिनं पेला पुढे केला. पाणी प्यायली. मग दीड भाकर खाल्ली. घरी अर्धी जात नाही. उठताना त्यांना म्हणाली, "पोट भरलं बापा."

परतीच्या एसटीत सुलतानपूर आलं. मग खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "आतमंधी भाकर थापायचा आवाज येऊन राह्यला होता. मी बोलली अन् तो थांबला."

आता खरं सांगतो. तिच्या हृदयाची झडप खराब झाली आहे. सोमवारी संभाजीनगरला ऑपरेशन आहे, आणि धोका आहे हे डॉक्टर लपवत नाहीत. काल दवाखान्यात संमतीच्या कागदावर नातेवाइकाची सही हवी होती. मी पेन उघडलं, तर तिनं माझा हात धरला. "तू नको. मोठी लेक हाय मले. तिले येऊ दे." सहीची जागा तशीच कोरी ठेवून आलो. पोस्टाचा भरवसा नाही, म्हणून हे सकाळच्या एसटीच्या कंडक्टरजवळ देतो आहे. येत्या रविवारपर्यंत ये, ताई. भाऊजींना घेऊन ये. हे मी नाही, तीच म्हणाली.

तुझाच धाकटा,
गोविंदा