वीतभर तळ

मु. बोरवाडी, ता. राहुरी
ता. १४ नोव्हेंबर १९७४

गोरक्षनाथदादांस भीमाचा साष्टांग नमस्कार.

तुमचं कार्ड पोचलं. इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो. ज्वारी बरी आहे. शेळी व्याली. धरणाचं पाणी अजून काठोकाठ आहे, पण तिकडे मी जात नाही.

कार्डात तुम्ही लिहिलंत, "दाजी, वाऱ्यापुढं कुनाचं चालतं? आमची मनकर्णा गेली, त्यात तुमचा दोष न्हाई. होडी मात्र तुमची लई पळणारी. तिचा साचा पाठवा, गोदावरीवर तशीच बांधतो." दादा, तशी बांधू नका. का ते सांगायलाच हे पत्र.

गेल्या वर्षी तळाचं माप म्हणून तुम्ही मला बाभळीची काठी तोडून दिली होती. म्हणालात, "तळ ह्याच्यापरीस अरुंद नगं. धरणावर लाट आडवी येती." मी हसलो, तुमच्या होडीला गुळाची काहील म्हणालो. मी पडलो गाड्या करणारा सुतार. अंग बारीक तितकी चाल हलकी, एवढंच माझ्या डोक्यात. पलीकडच्या बाजाराला जुन्या नावेनं तास लागायचा, मला अर्ध्या तासात न्यायचं होतं. तुम्ही कोपरगावला परतलात आणि मी काठी वीतभर कापून तळ तेवढाच धरला. अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

गावासमोर परीक्षा घेतली. ज्वारीची सहा पोती होडीत टाकली आणि भर वाऱ्यात फिरवून आणली. जरा हलली नाही. लोकांनी मला खांद्यावर घ्यायचंच बाकी ठेवलं. एकटी मनकर्णा काठावरून म्हणाली, "पोती तळाला पडून ऱ्हात्यात. मानसं फळीवर बसत्यात, आन् भित्यात."

तू भाकरी थाप, असं मी तिला चारचौघांत म्हणालो. तरीही लोक बसायला कचरू लागले, तेव्हा पहिली तीच बसली. नवऱ्याची होडी म्हणून.

श्रावणातल्या त्या बाजाराला वल्हं माझ्याच हातात होतं. आडवी लाट आली, फळीवर बसलेल्या लंकाबाईच्या अंगावर पाणी आलं, ती दचकून उठली आणि होडी कलंडली. तुम्हाला आणि गावाला मी एवढंच सांगितलं. खोटं नाही ते. पण तळ तुमच्या मापाचा असता तर लंकाबाई नुसती उठल्यानं होडी उलटली नसती, हे माझं मला त्याच क्षणी कळलं होतं. बाकीचे उलट्या होडीला धरून राहिले. मनकर्णा होडीखाली सापडली. ती आतून फळीवर हात आपटत होती, दादा. मला होडी सुलटी करता आली नाही. मग आवाज थांबला.

गाव तेव्हापासून लंकाबाईला नावं ठेवतं. ती पाणवठ्यावर आली की बाया घागरी उचलून चालू लागतात. मी रोज बघत होतो आणि गप्प होतो, याची लाज मला आयुष्यभर पुरेल. काल तिच्या दारात जाऊन सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, "तीन म्हयनं मी माझ्याच जिवाला शिव्या देत हुते, भीमा. आता जा."

उद्या चावडीवर सांगणार आहे.

होडी फोडली, साचा जाळला. गावातला मच्छिंद्र साखर कारखान्यावर कामाला तिकडे येतोय, त्याच्याजवळ काठीचे दोन्ही तुकडे देतोय. लहान तुकडा इतके दिवस माझ्या हत्यारांच्या पेटीत दडवलेला होता. दोन्ही जोडून तळ धरा. वर दोन बोटं जास्तच ठेवा.

आता मला दाजी म्हणू नका. पत्रावर नुसतं भीमा सुतार लिहा. क्षमा मागत नाही, तेवढं तोंड नाही. फक्त एक ओळ टाका, तळ किती ठेवलात ती.

मनकर्णाचा अपराधी,
भीमा