घटनेच्या कपाटासाठी

मंगळवार, चौदा तारीख
दुकानातून

प्रिय भुंग्या,

अनेक आशीर्वाद. रागात दिलेत, पण आशीर्वादच आहेत, तेव्हा निमूटपणे घे. आई बरी आहे, मी बरी आहे, दुकान चालू आहे. कापायच्या यंत्राच्या पात्याला धार लावून आणली. समोरच्या शाळेने वाचनालयाची फाटकी पुस्तकं बांधायला दिलीत, त्यामुळे घरात पाय ठेवायला जागा नाही आणि आईच्या चष्म्यालासुद्धा खळ लागलेली असते.

तुझं पत्र काल आलं. एवढ्या महिन्यांनी पत्र, आणि त्यात काय, तर 'मी ठीक आहे, काळजी नसावी, राज्यघटनेवरची माझी पुस्तकं पाठव.' वा रे पठ्ठ्या! काळजी नसावी म्हणे. काळजी काय नळ आहे, फिरवला की बंद?

पण वाचून बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. तुझा मित्र त्याच्या कारखान्याच्या वसाहतीत तुला घेऊन गेला, तिथल्या वाचनालयात तुला काम मिळालं, खायचे-प्यायचे हाल नाहीत, हे वाचलं आणि मी दुकानाच्या पायरीवरच बसले. माणसं संध्याकाळी पेपर वाचता वाचता 'घटनेत असं आहे, घटनेत तसं आहे' म्हणून हमरीतुमरीवर येतात आणि घटना कुणी उघडून पाहिलेली नसते, म्हणून तुला तिचं एक कपाट लावायचंय. चांगलं आहे. 'कुठली पाठवायची ते तूच ठरव ताई, मी ठरवायला बसलो की सगळीच नकोशी होतात' असं लिहिलंयस. ठरवलं बाबा. खोकं बांधून तयार आहे.

सगळ्यात वर नुसती घटना ठेवलीय. ती लहान, जाड्या पुठ्ठ्याची, कुणाचं भाष्य नाही की टीप नाही. माणसांनी आधी तीच हातात घ्यावी. दुसऱ्याने सांगितलेल्या घटनेवर भांडण्यापेक्षा मुळातली वाचून भांडावं. पण एक बघ. नव्या प्रती मागवशील तेव्हा पहिलं पान उलटून मागे काय छापलंय ते वाच. कुठल्या दुरुस्तीपर्यंतची आवृत्ती आहे ते तिथे असतं. ते नसेल तर पुस्तक कितीही देखणं असो, परत पाठव. शिळी घटना वाचलेला माणूस न वाचलेल्यापेक्षा जास्त जोरात बोलतो, हे मी तुझ्या मित्रमंडळींत पाहिलंय.

तो मोठा भाष्यग्रंथ पाठवत नाही. दोन माणसांनी उचलायचं पुस्तक ते. तू गेल्यापासून मी तो पुठ्ठे दाबायला वापरते आणि इमानदारीने सांगते, इतकं चांगलं वजन बाजारात मिळत नाही. कुणी वकील झालाच तुमच्यातला तर माग, तोवर तो माझा.

स्पर्धा परीक्षेची गाइडं रद्दीत घातली. ओरडू नकोस. प्रश्न आणि उत्तर, प्रश्न आणि उत्तर, एकात म्हणून 'का' नाही. तू ती घोकताना भुंग्यासारखा गुणगुणायचास, म्हणून तर तुझं नाव पडलं. त्या आवाजाने आम्ही दोघी बाहेर पाऊल न वाजवता चालायचो. सात वर्षं चाललो. रद्दीवाला गेला तेव्हा आईने ताटं मुद्दाम आपटून मांडली.

चर्चांचा तो खंड मात्र पाठवतेय, घटना लिहायला बसलेल्या लोकांचं बोलणं ज्यात आहे तो. पण तो आईला विचारून पाठवतेय, कारण आता तो तिचा झालाय. तू गेल्यावर आई बोलेनाशी झाली होती. भांडली असती तर बरं, पण नुसती बसायची. मग एक दिवस ती भाजी निवडत होती आणि मला ती शांतता सोसवेना, म्हणून हाताला लागलं ते पुस्तक उघडून मोठ्याने वाचायला लागले. तर हाच खंड. एका कलमातल्या एका शब्दावरून दोन सभासद असे जुंपलेत की विचारू नकोस. एक म्हणतो शब्द राहू द्या, दुसरा म्हणतो काढा. मी कंटाळून थांबले तर आई म्हणाली, पुढे वाच, जिंकलं कोण? आठवड्यानंतरचा तिचा पहिला शब्द! मग रोजचं झालं. जो हरतो त्याची बाजू ती घेते. मत टाकून झाल्यावर दोघं पुन्हा एकमेकांना 'सन्माननीय मित्र' म्हणतात हे तिला फार आवडतं. तुमच्या वसाहतीतल्या भांडखोरांना हाच खंड आधी दे.

त्याच्याखाली दुरुस्त्यांचं पातळ पुस्तक आहे. माझं मत विचारशील तर कपाटातलं हे सगळ्यात मोलाचं. एकेक दुरुस्ती घेऊन लेखक सांगतो: आधी काय होतं, कुणाला अडचण झाली, विरोध कुणी केला, कोर्टाने काय म्हटलं. दुरुस्ती म्हणजे नुसता आकडा नाही, तिच्यामागे कुणीतरी दार ठोठावलेलं असतं, हे त्यातून कळतं. फक्त पुस्तक जुनं आहे, शेवटच्या काही दुरुस्त्या त्यात नाहीत. त्या मी टाइप करून मागे शिवल्यात. सरकारी राजपत्राशी ताडून, शब्द न् शब्द.

हो, ताडून. आता खोक्यातल्या त्या शेवटच्या पुस्तकाबद्दल लिहायलाच हवं.

तुझी अभ्यासाची प्रत. मी उसवून, दर दोन पानांमध्ये एक कोरं पान घालून परत शिवलेली. आपला नियम ठरलेला होता: दुरुस्ती मंजूर होऊन सही झाली की तू कात्रण द्यायचंस आणि मी ते कोऱ्या पानावर चिकटवायचं. त्या एका दिवशी तू घाईत होतास, विधेयक नुसतं मांडल्याची बातमी कापून दिलीस, मी चिकटवली. विधेयक पुढे फेटाळलं गेलं. ती बातमी आपण कुणी पाहिली नाही. आणि मुलाखतीत त्या मंडळींसमोर तू ते कलम बदललंय म्हणून ठासून सांगितलंस.

घरी येऊन म्हणालास, 'तू चिकटवलंस ताई.' वयाची मर्यादा संपलेली, पुढची संधी नाही, सगळं खरं. पण तेवढं एक वाक्य टाकून पिशवी उचलून निघून गेलास. मी त्या वाक्यावर किती दिवस काढले असतील याचा विचार कर. कधी वाटायचं माझंच चुकलं, कधी वाटायचं तू समोर आलास तर कानाखाली वाजवावी. काल आलेल्या पत्रात तू लिहिलंस, 'कात्रण मीच दिलं होतं, चूक माझी, तुझ्यावर ढकलली.' बस. विषय मिटला. मी रडले, नाक पुसलं आणि कामाला लागले.

ते कात्रण मी काढलं नाही. त्याच्या डोक्यावर ठळक लिहिलंय: 'मांडलं होतं, मंजूर झालं नाही.' देशाने काय नाकारलं तेही लोकांना कळू दे की.

आईला मी सगळं सांगितलं, मुलाखतीतलंही. मला वाटलं होतं तिला वाईट वाटेल. ती पातळ पुस्तक हातात घेऊन बसली होती. म्हणाली, "एवढ्या शहाण्या माणसांनी वर्षानुवर्षं बसून लिहिलं, तरी दुरुस्त करावंच लागलं ना? मग माझ्या पोराने एकदा चुकायचं नाही, हे कुणी ठरवलं?"

खोक्यात एवढंच. पत्र इथे संपवणार होते. मधल्या दिवसांचं लिहायचं नाही असं ठरवूनच बसले होते, कारण तुला आता कुठे बरं वाटायला लागलंय. पण तू लिहिलंयस 'काळजी नसावी', आणि ते शब्द मला काही केल्या गिळवत नाहीत. म्हणून लिहिते.

तुझा फोन बंद. मित्रांना माहीत नाही. मी चौकीवर तुझा फोटो देऊन आले होते. एक दिवस हवालदाराचा फोन आला, की तुझ्या वयाचा, तुझ्या बांध्याचा एक मुलगा रुळांजवळ सापडलाय, येऊन बघून जा. आईला म्हटलं, पुठ्ठा आणायला जाते. सरकारी दवाखान्याच्या मागे ती खोली आहे. आत फार गार होतं. तिथल्या माणसाने चादर बाजूला केली. तू नव्हतास.

मी हसले रे. 'हा नाही, हा नाही' म्हणत हसतच राहिले, थांबताच येईना. तो कुणाचा तरी भाऊ होता आणि मी त्याच्या उशाशी उभी राहून हसत होते. हवालदाराने बाहेर आणून पाणी दिलं, म्हणाला, "होतं असं बाई. बसा जरा." आजवर मी हे कुणाला सांगितलेलं नाही. त्या मुलाची बहीण नंतर आली असेल का, हा विचार अजून डोक्यातून जात नाही.

येताना पुठ्ठा घेऊन आले. सांगितलं होतं ना आईला. पुठ्ठा भिंतीला टेकवला, हातपाय धुतले, ताट घेतलं. आईने वाढलं. मला वाटलं, बरं झालं, तिला काही कळलं नाही.

काल तुझं पत्र वाचून दाखवलं तेव्हा तिने चष्मा काढून पदराने पुसला. मग म्हणाली, "त्या दिवशी चौकीवरून फोन आला तेव्हा मी दाराआड होते. तू पुठ्ठा घेऊन परत येईपर्यंत मी उभीच होते. तुझ्या हातात पुठ्ठा दिसला आणि मग बसले. तिथे आपला भुंग्या असता, तर पुठ्ठा आणायचं तुला सुचलं नसतं."

म्हणजे बघ, आम्ही दोघी एकाच घरात एकमेकींपासून तेच लपवत होतो. आता लपवायचं काही उरलं नाही, म्हणून घर कसं मोकळं वाटतंय. काल कितीतरी दिवसांनी दोघी पोटभर जेवलो. परीक्षा गेली तर गेली. मला तिचं तिळमात्र वाईट वाटत नाही, आणि तुलाही वाटू नये.

वसाहतीतलं काम सोडून ये असं म्हणत नाही. कपाट लाव, माणसांना वाचू दे, भांडू दे. तिथेच राहायचं असेल तर खुशाल राहा. पण आधी एकदा येऊन जा. त्या खोलीत तू नव्हतास, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. तू आहेस, हे अजून फक्त कागदावर वाचलंय.

म्हणून या पत्राला उत्तर लिहू नकोस.

तूच ये.

ताई