सहीचा हात

२ सप्टेंबर, सोमवार

आज रुजू झाले. लिहायला बरं वाटतंय म्हणून पुन्हा लिहिते, रुजू झाले. अकोल्याच्या कॉलेजात अकरा वर्षं तासिका तत्त्वावर प्राणिशास्त्र शिकवलं. दर जूनला नवा अर्ज, दर मार्चला घरी. आता मी, मैत्री तेलगोटे, नोएडातल्या एका खासगी न्यायवैद्यक प्रशिक्षण अकादमीत कीटकविभागाची प्रमुख आहे. विभागात मी एकटीच, पण प्रमुख ती प्रमुख. महिनाअखेरीला कायम करणार, असं संचालक डॉ. पद्माकर सबनीस सरांनी आज पुन्हा सांगितलं.

इथे पोलीस अधिकारी आणि कॉलेजातले शिक्षक शिकायला येतात. मी त्यांना अळ्या वाचायला शिकवायच्या. निळी माशी प्रेतावर काही तासांत अंडी घालते, मग अळी होते, मग तपकिरी कोश. कोणता टप्पा आहे ते पाहून माणूस कधी गेला ते उलटं मोजता येतं. साक्षीदार फिरतात, अळी फिरत नाही, असं मी अकोल्याच्या पोरांना सांगायचे. ती हसायची.

राहते दिल्लीत, द्वारकेला, रमाबाई आत्याकडे. आत्या केंद्र सरकारच्या कचेरीतून निवृत्त झाली, एकटीच असते. मेट्रोची ब्लू लाईन घरापासून कामापर्यंत सरळ जाते, फक्त दीड तास लागतो. आत्याने डब्यात भाकरी आणि ठेचा दिला आणि बजावलं, की तिथल्या लोकांसमोर जेवायला लाजू नकोस, छोले-कुलचे खाऊन त्यांची जीभ मेलेली आहे.

५ सप्टेंबर, गुरुवार

पहिली तुकडी, बावीस जण. गच्चीवर सहा दिवस उन्हात ठेवलेले डुकराच्या मांसाचे डबे आज उघडले. तळाशी काळं पाणी साचलेलं, वरचं मांस उकळी आल्यागत हलत होतं. मेरठच्या एका प्राध्यापिकेने रुमालातच ओकारी काढली. राठी नावाचा, मूळचा हरियाणाचा पण नोएडा पोलिसांतला फौजदार डब्याजवळ उभा राहून समोसा खात होता आणि चटणी कमी आहे म्हणून कुरकुरत होता.

मला अळीची किळस येत नाही. ती आपलं काम करते आणि जाते. किळस आली ती सबनीस सरांची. त्यांनी उघड्या हाताने डब्याचं झाकण उचललं, मांस बोटाने दाबून दाखवलं, आणि मग तेच बोट जिभेला लावून नोंदवहीची पानं उलटली. तीन पानं. मी मोजली. ते करोल बागेत वाढलेले मराठी आहेत, सगळ्यांना बेटा म्हणतात. त्या जिभेने मला बेटा म्हटलं की अंगावर काटा येतो.

९ सप्टेंबर, सोमवार

दुपारी सरांनी चौदा नंबरची बरणी दिली. सरावाचा नमुना आहे, वय काढून दे म्हणाले. आत अळ्या, थोडी माती आणि बरेच बंद कोश होते. मातीत दोन लांब केस सापडले. प्रयोगशाळेत केस बांधायचे असतात हे इथे कोणाला शिकवलेलंच नाही.

तापमानाची नोंद सोबत होती. तीनदा हिशोब केला, नऊ दिवस. सरांच्या उत्तरसूचीत मात्र पाच. पाच दिवसांत असे कोश होणं शक्य नाही, हे मी दोनदा सांगितलं. सर म्हणाले, बेटा, बिल्कुल बरोबर आहेस, पण पेपर छापून झालेत, तुकडी गोंधळेल, सरावच तर आहे यार. अगोदर वाद घालून महिनाअखेरीला काय मिळवणार होते? छापील अहवालावर पाच लिहिलं, खाली सही केली, शेजारी उजव्या अंगठ्याचा ठसा उमटवला. बाईचा उजवा घेतात इथे.

चूक ती चूकच. पण सरावातली.

१० सप्टेंबर, मंगळवार

सकाळी उजव्या अंगठ्याच्या नखाखाली रव्यासारखं काहीतरी पांढरं होतं. काल हातमोजा फाटका होता, नमुन्यातलं लागलं असेल. ब्रशने घासून काढलं.

मेट्रोत एक निळी माशी त्याच अंगठ्यावर येऊन बसली. झटकली की डब्यात एक चक्कर मारून परत तिथेच. शेजारच्या बाईने ओढणी नाकाला लावली आणि उठून गेली. वर्गात डबे उघडले तेव्हा मांसावरच्या माश्या उठून माझ्या हातावर आल्या. राठीला फार मजा वाटली, म्हणाला मॅडमचा हात यांना जास्त आवडतो. सगळे हसले. मीही हसले, पण मला ते आवडलं नाही.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

राठीने लाडू वाटले. का विचारलं तर म्हणाला, आमच्या ठाण्याची केस सुटली, तुमच्याच कृपेने. ग्रेटर नोएडाकडे एका अर्ध्या रिकाम्या टॉवरमध्ये सोमवारी एका बाईचं प्रेत मिळालं. नवरा दोन तारखेलाच जयपूरला गेला होता. किल्ली पहारेकऱ्याकडे, हरिदास त्याचं नाव. तज्ज्ञांनी मृत्यू पाच दिवसांपूर्वीचा, म्हणजे चार तारखेचा ठरवला, म्हणून हरिदास आत. तज्ज्ञ कोण, विचारलं. राठीने माझ्याकडे बोट दाखवलं.

लाडू तोंडातच राहिला. दोन लांब केस आठवले. सोमवारपासून नऊ दिवस मागे गेलं की एकतीस ऑगस्ट येतो, आणि एकतीसला नवरा घरीच होता. मी बेसिनवर जाऊन लाडू थुंकले, तरी तूप टाळ्याला चिकटून राहिलं.

सरांकडे गेले. त्या बाईचा नवरा त्यांचा जुना हॉस्टेलमधला मित्र निघाला. सरांनी नाकारलंही नाही. बोट जिभेला लावून कागद उलटत राहिले. म्हणाले, सराव असं कुठल्या कागदावर लिहिलंय? सही तुझी, अंगठा तुझा. आता खोटं होतं म्हणशील तर पहिली तूच अडकशील. मग टेबलावरची एक फाईल दोन बोटांनी माझ्याकडे सरकवली, मला कायम करण्याची. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

काय केलं मी? गप्प बाहेर आले. स्वतःची शिसारी येते, पण खरं तेच लिहिते. अकरा वर्षांनी मिळालेली नोकरी आहे, आणि हरिदासला मी ओळखत नाही.

१५ सप्टेंबर, रविवार

आत्याने सकाळी मोरी धुतली, फ्रिज रिकामा केला, कचऱ्याची बादली उन्हात ठेवली. वास काही जाईना. मग माझ्याजवळ आली, थांबली, आणि माझ्या हातातलं पोळीचं ताट काढून घेतलं. ती पोळी खाली कुत्र्याला टाकली. कुत्र्याने हुंगली आणि मागे सरला.

वंदनेला बसलो. पंचशील म्हणताना चौथं आलं, खोटं न बोलण्याचं, आणि माझा आवाजच निघेना. आत्याने विचारलं, ऑफिसात काही केलंस का. मी नाही म्हटलं.

दिवसभर उजवा हात खिशात ठेवला. गार आहे.

१६ सप्टेंबर, सोमवार

आंघोळीत अंगठ्याच्या मुळाशी वजरी घासली. कातडी साईसारखी सरकली. दुखलं नाही. काहीच दुखत नाही. खाली लठ्ठ, पांढऱ्या अळ्या, डोकं आत खुपसून. चिमट्याने अकरा काढल्या. सवयीने एक स्पिरिटमध्ये टाकली, तारीख घातली.

अळीची किळस येत नाही म्हणणारी मी. मोरीत बसून पोटातलं सगळं ओकले.

दुपारी पुन्हा पाहिलं. पुन्हा तितक्याच.

१८ सप्टेंबर, बुधवार

हातमोजा वर्तमानपत्रावर उपडा केला. सात कोश पडले. बंद, तपकिरी.

उलटं मोजलं. दुसरं मला येतं काय? नऊ दिवस. आज अठरा, म्हणजे नऊ तारीख. सोमवार. या हाताने सही केली त्या दिवशी हा हात मेला—

आत्याने बळेच डॉक्टरकडे नेलं. त्याने उजव्या मनगटावर नाडी शोधली, खूप वेळ शोधली. मग डाव्या. मग हात धुवायला गेला आणि परत टेबलाजवळ आलाच नाही. दारातूनच म्हणाला, आजच्या आज मोठ्या हॉस्पिटलात जा, कोपरापासून काढावा लागेल.

आत्या बाहेर बाकावर रडली. मी तिला सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, की आधी त्या माणसाला सोडव, मग हात काढू.

१९ सप्टेंबर, गुरुवार

अकादमीच्या फाटकाशी हरिदासची बायको उभी होती. फूलमती. हातात माझ्या अहवालाची प्रत. तिला वाचता येत नाही, पण माझं नाव कुठे आहे ते माहीत होतं, तिथे बोट ठेवून उभी होती. म्हणाली, अळ्या काय बोलतात ते मला कळत नाही मॅडम, पण आठ वर्षं अख्ख्या टॉवरच्या किल्ल्या सांभाळल्या त्याने, एक दार उघडलं नाही. उद्या अकराला सुनावणी. वकील म्हणतो, मॅडमनी स्वतः दुरुस्ती लिहून द्यावी. सही जुन्या सहीशी जुळली पाहिजे, नाहीतर अंगठा जुन्या अंगठ्याशी. नाहीतर कोणीही लिहिलेला कागद, कोण विचारतो.

तिला वास आला असणार. ती मागे सरली नाही.

मी तिला द्वारकेचा पत्ता दिला. उद्या सकाळी ये म्हटलं. सरांना काही सांगितलं नाही. फाईल असू दे त्यांच्या टेबलावर.

घरी येऊन दुरुस्ती लिहायला बसले. उजव्या हाताने काल या वहीत खरा आकडा लिहिला होता. आज पेन धरलं तर तो लिहितो, पण— इथेच लिहून दाखवते. खरा आकडा पाच. नाही. खरा आकडा पाच. मला लिहायचंय पाच पाच पाच

पुढचं डाव्या हाताने. अक्षर पोरासोरासारखं आहे, चालेल. डाव्याने नऊ लिहिता येतं. नऊ. नऊ. सही मात्र डाव्याची जुळणार नाही. आणि उजवा नाव लिहीतच नाही, नुसतं—

२० सप्टेंबर, शुक्रवार. सकाळ

डाव्याने दुरुस्ती पूर्ण केली. एकतीस ऑगस्ट. नऊ दिवस. मला काय सांगितलं, कोणी सांगितलं, सगळं.

फूलमती दारात उभी आहे. आत्याने तिला चहा दिला, तिने कप खाली ठेवलेला नाही आणि प्यायलाही नाही.

उजवा अंगठा शाईच्या पॅडवर दाबला. कातडं सगळंच सुटून आलं. नखासकट. खाली नुसतं ओलं, रेषा नाहीत. ठसा उमटणार कसला—

ओकले. परत आले.

एक उपाय आहे. आम्हीच शिकवतो. पाण्यातून काढलेल्या प्रेताचं कातडं असंच मोज्यासारखं निघतं. मग ठसे घेणारा ते स्वतःच्या बोटावर चढवतो आणि शाई लावतो. ठसा मेलेल्याचाच उमटतो.

आत्या तोंड फिरवून भिंतीकडे बघतेय. तिने कागद धरलाय.

चढवलं. डाव्या अंगठ्यावर माझं उजवं कातडं. गार, बुळबुळीत, आत काहीतरी हललं. दाबला.

उमटला. स्वच्छ. एकेक रेषा. फूलमतीकडच्या प्रतीवरच्या ठशाशी ताडून पाहिला, तोच.

आत्याने कागद दोनदा मोठ्याने वाचला. नऊ. नऊच आहे. फूलमतीने तो छातीशी, ब्लाऊजमध्ये ठेवला. आत्या तिच्यासोबत गेली, मेट्रोने, अकराच्या आत पोचतील. मी इथेच थांबले. आत्या आली की हॉस्पिटल.

साडेनऊ. आता कातडं काढायचं. साबण लावला. निघत नाही—

दहा. कोमट पाणी, तेल. निघत नाही. कडा दिसत नाही आता, कुठे ते संपतं आणि मी कुठे—

डावा मनगटापर्यंत गार

खिडकी बंद आहे. तरी एक माशी

पोचल्या असतील. कागदावर नऊ आहे. आत्याने वाचलं, दोनदा, नऊ, मी सांगते ना पाच, पाच आहे, पा—